लसीकरण १०४ टक्के, कुपोषण शून्य: सरकारी आकडे कसे तपासावेत

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या एका शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनी विचारले आहे: "अंगणवाडीच्या बैठकीत सांगतात, गावात तीव्र कुपोषित मूल एकही नाही. पेपरात येते, महाराष्ट्रात चारातले एक मूल लुकडे. उपकेंद्राच्या फलकावर लसीकरण १०४ टक्के लिहिले आहे. शाळेचा अहवाल उत्तम, पण चौथीतल्या पोराला धडा वाचता येत नाही. सरकारी आकड्यांवर विश्वास ठेवायचा तरी कसा?"

या चार तक्रारी एकाच माळेचे मणी नाहीत. १०४ टक्क्यांत बहुधा कोणीच खोटे लिहिलेले नसते. शाळेच्या बाबतीत दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांसमोर उभी केली जातात. अंगणवाडीच्या आकड्यात मात्र गडबड असण्याची शक्यता खरोखर मोठी आहे. सरसकट "सगळे कागदोपत्री" म्हटले की खरी चूक करणाराही सुटतो आणि नीट नोंद ठेवणारी सेविकाही बदनाम होते. म्हणून एकेक घेऊ.

कोणताही आकडा समोर आला की दोन प्रश्न विचारावेत. हा आकडा ज्याने पहिल्यांदा वहीत लिहिला, त्याचे त्यावर काय अवलंबून आहे: मानधन, कारणे दाखवा नोटीस, शिक्षकाचे पद, अनुदान, भरपाई? आणि हीच घटना दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कारणासाठी, दुसऱ्या वहीत लिहिली आहे का? तपासणीची बहुतेक सगळी तंत्रे या दोन प्रश्नांतून निघतात.

१०४ टक्के कसे होतात

टक्केवारीला अंश असतो तसा छेद असतो. लस दिलेली मुले हा अंश. तो उपकेंद्रावर मोजला जातो. "अपेक्षित मुले" हा छेद. तो वरून येतो. शेवटची जनगणना २०११ ची आहे. तेव्हा नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१,०७,१८७ होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख आता १ मार्च २०२७ आहे. तोवर २०११ चा आकडा ठरावीक दराने फुगवून दर वर्षीची लोकसंख्या काढतात, तिला जन्मदराने गुणतात, आणि गरोदर मातांचा अंदाज करताना त्यात आणखी १० टक्के मिळवतात, कारण सगळे गर्भ पूर्ण दिवसांपर्यंत जात नाहीत. ३०,००० लोकसंख्येच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जन्मदर हजारी १५ धरला तर वर्षाला ४५० बाळे आणि ४९५ गरोदर माता "अपेक्षित" ठरतात. गावात प्रत्यक्ष किती आहेत, याचा या गणिताशी संबंध नाही.

हाच हिशेब सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांना किंवा निफाड-दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्याला लावला की घोटाळा दिसतो. ऑक्टोबर छाटणीपासून मार्च-एप्रिलच्या काढणीपर्यंत सुरगाणा, पेठ, हरसूलकडची कुटुंबे मुलाबाळांसह मळ्यावर येऊन राहतात. बाळाला लस दिंडोरीत टोचली जाते, म्हणून अंश दिंडोरीचा वाढतो. छेदात मात्र ते बाळ सुरगाण्याचेच राहते. परिणामी दिंडोरी १०४ आणि सुरगाणा ८५, असे चित्र दोन्हीकडच्या आरोग्य सेविकांनी प्रामाणिकपणे नोंदी ठेवूनही तयार होऊ शकते.

मग लसीकरण तपासायचे कसे? वरून आलेल्या छेदाला हातच लावू नये. पेंटाव्हॅलंट या पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचे तीन डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. पहिला डोस घेतलेल्यांतून तिसरा घेतलेले वजा करा, उत्तराला पहिल्या डोसच्या संख्येने भागा आणि १०० ने गुणा. पहिला १२०, तिसरा १११, तर गळती ७.५ टक्के. १० च्या वर गेली तर पाठपुरावा ढिला आहे. उत्तर उणे आले, म्हणजे तिसरा डोस पहिल्यापेक्षा जास्त मुलांना दिला गेला, तर महिनावार पाहा. फक्त डिसेंबर ते एप्रिल असे होत असेल तर ते मळ्यावर आलेले पाहुणे बाळ आहे. आणि दर महिन्याला दोन्ही आकडे तंतोतंत सारखे असतील तर ती मोजणी नसून नक्कल आहे.

दुसरी तपासणी बीसीजीच्या, म्हणजे क्षयरोगाविरुद्धच्या लसीच्या, कुपीची. एका कुपीत १० डोस असतात आणि उघडल्यावर चार तासांत उरलेली लस टाकून द्यावी लागते. पुढच्या सत्राला ती चालत नाही. म्हणजे ज्या सत्रात एकाही बाळाला बीसीजी दिली, त्या सत्राला किमान एक कुपी खर्ची पडलीच पाहिजे. लसीकरणाच्या नोंदीत चार सत्रांना बीसीजी आहे आणि साठा वहीत दोनच कुप्या, तर दोन सत्रे कागदावर झाली. लस आणणाऱ्याची वही आणि टोचणाऱ्याची वही वेगळ्या कारणांसाठी लिहिल्या जातात, म्हणून हा ताळा उपयोगी पडतो.

आणखी एक परीक्षक असतो, तो म्हणजे रोग. गोवर रोखायला दोन्ही डोसांचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास सतत टिकावे लागते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबई, भिवंडीबरोबर मालेगावातही गोवराचा उद्रेक झाला. असा उद्रेक झाला की शहराची सरासरी काय होती हे विचारण्यात अर्थ नसतो. कोणत्या वस्तीत डोस पोचले नाहीत, तिथे लोक दार का उघडत नाहीत, सर्वेक्षणाला आलेल्या बाईला मुलांची खरी संख्या का सांगत नाहीत, हे विचारावे लागते. सरकारी यंत्रणेवर विश्वास नसलेली वस्ती माहिती देत नाही, माहिती नसल्याने आकडा चुकतो, आणि चुकलेला आकडा पाहून अविश्वास वाढतो. हे चक्र दारावर जाणाऱ्या माणसाच्या वागण्यानेच तुटते, फलकावरच्या टक्क्यांनी तुटत नाही.

कुपोषणाचा आकडा

इथे जास्त वेळ द्यायला हवा, कारण इथेच सर्वांत मोठी तफावत आहे आणि तिची कारणे एकाहून अधिक आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी), ३५.२ टक्के बुटकी (वयाच्या मानाने उंची कमी) आणि ३६.१ टक्के कमी वजनाची (वयाच्या मानाने) निघाली. देशासाठी हेच आकडे १९.३, ३५.५ आणि ३२.१ होते. आता अंगणवाड्यांतून भरल्या जाणाऱ्या पोषण ट्रॅकरची २०२५ मधली देशपातळीची नोंद पाहा: लुकडी मुले ५ ते ६ टक्के, कमी वजनाची १६-१७ टक्क्यांच्या आसपास, पण बुटकी ३७ ते ३९ टक्के. नुसते खोटे लिहायचे असते तर तिन्ही आकडे खाली आले असते. इथे बुटकेपणा सर्वेक्षणाइतकाच, किंबहुना थोडा जास्तच आहे; कमी वजन निम्म्यावर आणि लुकडेपणा पावपटीवर आला आहे.

पहिले कारण उंची मोजण्यातले आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला आडवे झोपवून, डोके पाटीला टेकवून, गुडघे सरळ दाबून, तळपाय काटकोनात धरून लांबी घ्यायची असते. याला दोन माणसे लागतात. सेविका एकटी, मदतनीस आहारात गुंतलेली, मूल रडते, पाय आखडते, आणि लांबी दोन सेंटिमीटर कमी लिहिली जाते. मूल कागदावर बुटके होते. पण त्याच वेळी "या उंचीला हे वजन पुरेसे" असे अॅप सांगते आणि लुकडेपणा झाकला जातो. ८० सेंटिमीटरच्या आसपास एका सेंटिमीटरला अपेक्षित वजन साधारण २०० ग्रॅमने बदलते. दोन सेंटिमीटरची चूक म्हणजे ४०० ग्रॅमची सूट. मॅमच्या, म्हणजे मध्यम कुपोषणाच्या, रेषेखाली ३०० ग्रॅम असलेले मूल अशाने "साधारण" गटात जाते, कोणी काही लबाडी न करता. याच्या जोडीला, दोन वर्षांखालच्या मुलाला उभे करून मोजले तर ०.७ सेंटिमीटरचा फरक आपोआप पडतो. तो मिळवायचा राहून जातो.

दुसरे कारण वजनाचे, आणि ते तितके निष्पाप नाही. मूल सॅममध्ये, म्हणजे तीव्र कुपोषित गटात, गेले की ग्राम बाल विकास केंद्र, दिवसातून अनेक वेळचा आहार, आरोग्य तपासणी, पाठपुरावा हे सगळे सुरू व्हायला हवे. प्रत्यक्षात अनेकदा आधी सुरू होतो तो आढावा बैठकीतला प्रश्न, सगळ्यांसमोर: "तुमच्याच बीटमध्ये इतके सॅम कसे?" बुटकेपणाबद्दल असा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण तो महिन्याभरात बदलत नाही हे साहेबांनाही ठाऊक असते. म्हणून उंचीच्या आकड्याला कोणी हात लावत नाही, वजनाच्या आकड्याला लावते. कमी वजनाचा आकडा निम्म्यावर येण्याचे मुख्य कारण माझ्या मते हे आहे. दोष सेविकेच्या माथी मारणे सोपे आहे. पण ज्या व्यवस्थेत मूल शोधणारीला शाबासकी मिळण्याऐवजी जाब द्यावा लागतो, तिथे मूल सापडणार नाही.

तिसरे कारण हजेरीचे. वजन घेण्याच्या दिवशी आजारी मूल घरी असते, मजुरीला गेलेल्या कुटुंबाचे मूल निफाडच्या मळ्यात असते. त्यांची नोंद एक तर राहते, नाही तर मागच्या महिन्याचे वजन शंभर-दोनशे ग्रॅम वाढवून लिहिले जाते.

सर्वेक्षणाच्याही मर्यादा सांगायला हव्यात. महाराष्ट्रातली पाहणी जून ते डिसेंबर २०१९ मध्ये झाली. यात पावसाळा येतो, आणि पेठ-सुरगाण्यासारख्या भागात जुलाब, ताप आणि घरातले धान्य संपण्याचा काळ हाच असल्याने मुले तेव्हा सर्वांत जास्त उतरतात. शिवाय एका जिल्ह्यात साधारण ९०० कुटुंबे घेतली जातात, त्यांत पाच वर्षांखालची मोजलेली मुले ३०० च्या आसपास. एवढ्या नमुन्यावर २५ टक्के आले तर खरे प्रमाण १९ ते ३१ मध्ये कुठेही असू शकते. तालुक्याचा आकडा त्यातून निघतच नाही. "चारातले एक" हे राज्याबद्दल खरे असूनही तुमच्या गावाबद्दल काहीच सांगत नाही.

गावाचे गावात मोजावे लागते. आधी वही तपासा. ५० मुलांच्या उंचीचा दशांशानंतरचा अंक बघा. मिलिमीटरपर्यंत नीट मोजले असेल तर ० किंवा ५ ने संपणारी साधारण १० मुले असतील. ३०-३५ निघाली तर उंची नजरेने लिहिली आहे. मग एकाच मुलाची बारा महिन्यांची वजने ओळीने वाचा. खऱ्या मुलाचे वजन जुलै-ऑगस्टमध्ये अडखळते, कधी घटते. दर महिन्याला सारखीच वाढ दिसली तर वजन काट्यावर झालेले नाही. दंडघेराच्या नोंदीत ११.५ सेंटिमीटर ही सॅमची आणि १२.५ ही मॅमची रेषा आहे. ११.४, ११.३ जवळपास नाहीत आणि ११.६ ची मात्र गर्दी आहे, असे दिसले तर ते मोजमाप रेषेच्या पलीकडे ढकललेले आहे.

त्यानंतर सेविकाताईंना सोबत घेऊन दहा मुले पुन्हा मोजा. अचानक धाड टाकू नका; त्यातून फक्त भांडण निघते. किराणा दुकानातले पाच किलोचे प्रमाणित वजन आणून आधी काटा तपासा, शून्यावर आणा, मुलाचे जाड कपडे आणि वाळे काढा. उंची दोनदा घ्या. दोन्हींत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक पडला तर तिसऱ्यांदा. वय जन्माच्या दाखल्यावरून घ्या, आईच्या अंदाजावरून नको, कारण "दीड वर्षाचा" आणि "दोन वर्षांचा" यांत पुष्कळ मुले अडकतात. काटाच बिघडलेला निघाला, तर तेवढेच लिहून प्रकल्प अधिकाऱ्यांकडे द्या. अशा किती तरी ठिकाणी सगळ्या चुकीचे मूळ तेवढेच असते.

बालमृत्यू, आणि लहान संख्यांचा धोका

मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदवला जातो, माणूस राहतो तिथे नाही. सुरगाण्याचे कमी दिवसांचे बाळ नाशिकच्या नवजात दक्षता कक्षात आणले आणि तिथे गेले, तर तो मृत्यू नाशिक शहराच्या नोंदीत पडतो. धुळे-नंदुरबारकडून येणाऱ्यांचेही तेच. त्यामुळे शहराचा आकडा भयंकर दिसतो आणि तालुक्याचा शांत. अशा आकड्यांची मागणी करताना "आईच्या राहत्या पत्त्यानुसार" हे शब्द लिहिल्याशिवाय हाती काही लागत नाही.

घरी झालेले मृत्यू आणखी वेगळे. कायद्याने २१ दिवसांत नोंद करायची असते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या आजोबांच्या मृत्यूची नोंद होतेच, कारण वारस लावायचे असतात. विम्याचा, पेन्शनचा दाखला लागतो म्हणून आणखी काहींची होते. पाड्यावर दहा दिवसांचे बाळ गेले तर दाखला कोणालाच लागत नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत बालमृत्यू कमी दिसणे याचा अर्थ बालमृत्यू कमी आहेत असा होत नाही. आशाताईंची वही आणि ग्रामपंचायतीची वही शेजारी ठेवा; फरक तिथेच उघडा पडतो. त्यात मृतजन्माचा रकाना खास पाहा. श्वास घेऊन काही मिनिटांत गेलेले बाळ "मृत जन्मले" असे लिहिले की तो अर्भकमृत्यूत मोजला जात नाही.

नमुना नोंदणी पद्धतीने (निवडक गावे-वस्त्यांतले जन्म-मृत्यू सतत नोंदणाऱ्या सरकारी पाहणीने) २०२० साठी महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजारी १६ दिला आणि कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने २३.२. यावरून कोणी तरी खोटे बोलते असा निष्कर्ष काढू नये. पहिला आकडा एका वर्षाचा आहे, दुसरा पाहणीच्या आधीच्या पाच वर्षांचा, आणि दर घटत असताना पाच वर्षांची सरासरी वरच राहणार. शिवाय दुसऱ्याचा नमुना मृत्यूंसारख्या विरळ घटनेसाठी लहान असल्याने तो काही अंकांनी इकडेतिकडे होऊ शकतो.

आता पुन्हा ते ४५० जन्मांचे आरोग्य केंद्र घ्या. हजारी १६ च्या दराने तिथे वर्षाला ७ अर्भकमृत्यू होतील. पण काहीही बदललेले नसताना एखाद्या वर्षी ३ आणि एखाद्या वर्षी ११ होणे ही नुसत्या योगायोगाची कक्षा आहे. तरीही आढावा बैठकीत ३ वाल्याचा सत्कार आणि ११ वाल्याला नोटीस मिळते. नोटीस मिळालेला डॉक्टर पुढच्या वर्षी बाळे वाचवायला शिकत नाही, मृतजन्माचा रकाना वापरायला शिकतो. एका केंद्राचा दर पाहायचाच असेल तर तीन ते पाच वर्षे एकत्र करून पाहा, वर्षावर्षाला नको. आणि प्रत्येक मृत्यूची चौकशी करा: रुग्णवाहिका किती वेळाने आली, संदर्भसेवेत किती तास गेले, बाळाचे वजन किती होते. सात मृत्यूंच्या सात कहाण्या दरापेक्षा जास्त शिकवतात.

कोविडने हाच प्रश्न साऱ्या देशासमोर आणला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने ५०,००० रुपयांची मदत सुरू झाली तेव्हा जानेवारी २०२२ पर्यंत महाराष्ट्रातले अधिकृत मृत्यू १ लाख ४१ हजारांच्या घरात होते आणि मदतीचे अर्ज २ लाखांवर गेले होते. आधी मृत्यू कमी दाखवण्याकडे कल होता. नंतर मृत्यू कोविडचा ठरण्याला पैशाचे मोल आले आणि व्याख्याही रुंदावली. त्या अर्जांत दुबार अर्जही होते, न मोजलेले खरे मृत्यूही होते. निःपक्ष ताळा लागतो तो सर्व कारणांच्या मृत्यूनोंदणीतून: देशात २०१९ मध्ये ७६.४ लाख मृत्यू नोंदले गेले, २०२० मध्ये ८१.२ लाख, आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. हा २०२१ चा आकडा मे २०२५ मध्ये, चार वर्षांनी प्रसिद्ध झाला. त्या चार वर्षांत जो तो आपापला अंदाज खरा मानत राहिला. उशीर आणि दडवणूक यांतला फरक लोकांना दिसत नाही, आणि तो दिसावा अशी अपेक्षाही धरू नये.

शाळा

पटाचा आकडा फुगतो तो उंबरठ्यांपाशी. शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) परिशिष्टात पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार असे टप्पे आहेत. राज्याच्या संचमान्यतेचे (पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करण्याचे) निकष अधूनमधून बदलतात, पण टप्प्यांची पद्धत तीच राहते. ५९ वर असलेल्या शाळेला दोन नावे कुठून तरी मिळवण्याचा मोह होतो. २० च्या खाली गेलेल्या शाळेला बंद होण्याची किंवा समूह शाळेत जाण्याची भीती असते. ऑक्टोबर २०११ च्या राज्यव्यापी पटपडताळणीत लाखांनी नावे अशी निघाली की ज्यांची मुले शाळेत नव्हतीच. आपल्या जिल्ह्यात दुबार नावाचा एक खास मार्ग आहे: मूल आश्रमशाळेत राहते आणि नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेतही चालू असते.

ताळा तांदळाने घ्या. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीला रोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे. पहिली ते पाचवीची ६० मुले २२ दिवस हजर दाखवली तर १३२ किलो लागतात. आरंभीची शिल्लक अधिक आलेला माल वजा अखेरची शिल्लक, असा प्रत्यक्ष खर्च ९५ किलो निघाला तर सरासरी ४३ मुले जेवली. काही मुले घरचा डबा खातात, ते विचारून घ्या. याच्या उलटही होते: मुले ४३ आणि तांदूळ १३२ चा. तेव्हा प्रश्न पटाचा नसून पोत्यांचा असतो.

यू-डायस प्लस या देशभरच्या शाळांच्या सरकारी नोंदणीत २०२२-२३ पासून शाळेची नुसती बेरीज न घेता एकेका मुलाची नोंद घेतात. देशाचा पट २०२१-२२ मधल्या २६.५२ कोटींवरून २५.१८ कोटी आणि पुढच्या वर्षी २४.८० कोटी झाला. "पावणेदोन कोटी मुले शाळा सोडून गेली" असा याचा अर्थ नाही. मोजण्याची रीत बदलली, दुबार नावे गळली, जन्मही घटत आहेत. मात्र आधार जुळल्याशिवाय मूल धरायचे नाही असे झाले की खोट्या नावांबरोबर खरी मुलेही गळतात. वीटभट्टीवरचे, ऊसतोडीचे, कातकरी वस्तीतले मूल वर्गात बसलेले असते आणि संचमान्यतेत नसते. तुमच्या समितीने हजेरीपटावर आहेत पण आधार जुळलेले नाही अशा मुलांची यादी दर सप्टेंबरच्या सुरुवातीला मागावी, कारण ३० सप्टेंबरच्या पटावर पुढचे सगळे ठरते.

आता वाचनाचे. २०२१ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरीच्या भाषेत देशाची सरासरी ६२ टक्के होती. असर या स्वयंसेवी संस्थेच्या घरोघरच्या पाहणीच्या २०२४ च्या अहवालात सरकारी शाळांतल्या तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. लोक हे दोन आकडे समोरासमोर ठेवतात, पण ६२ म्हणजे बरोबर उत्तरांची सरासरी आणि २३.४ म्हणजे एक ठरलेली गोष्ट जमणाऱ्या मुलांचे प्रमाण. एक चाचणी वर्गात पर्यायी उत्तरांची, दुसरी घरी जाऊन एकेकाला मोठ्याने वाचायला लावणारी. माझा कल दुसरीकडे आहे, कारण पर्यायी उत्तरात अंदाजाने चौथा हिस्सा बरोबर येतो, आणि घरी जाणाऱ्याचे त्या आकड्यावर काहीच अवलंबून नसते. तरी असर जिल्ह्यात ३० गावांतली प्रत्येकी २० घरेच घेते. एका इयत्तेची मुले त्यात साठेक येतात, म्हणजे १३ अंकांची चूक दोन्ही बाजूंना. जिल्ह्याचा आकडा दोन वर्षांत ५ अंकांनी घसरला म्हणून हळहळू नका किंवा वाढला म्हणून पेढे वाटू नका.

तुमच्या चौथीत २५ मुले असतील तर नमुना कशाला? दुसरीच्या पुस्तकातला न शिकवलेला, आठ-दहा वाक्यांचा उतारा घ्या. प्रत्येक मूल वर्गाबाहेर एकटे बसवून वाचायला द्या. एकाचे ऐकून दुसरे पाठ म्हणते. अडखळत, अक्षर जुळवत वाचले तर "शब्द", सलग वाचले तर "उतारा" असे लिहा. एका सकाळी काम होते आणि निघालेला आकडा तुमच्या शाळेचा असतो. पालक वाचनात मागे पडलेल्या मुलांची नावे फळ्यावर लावू पाहतील, ते करू देऊ नका.

कागद कसे मागायचे

शाळेची यू-डायस माहिती संकेतस्थळावर खुली आहे. ११ अंकी कोड नाशिकचा असेल तर २७२० ने सुरू होतो. बाकीसाठी माहिती अधिकार. अर्जावर १० रुपयांचे कोर्ट फी तिकीट, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. "कुपोषण का लपवले" असे विचारले तर उत्तर मिळत नाही, कारण तो कागद नाही. "अमुक अंगणवाडीच्या एप्रिल ते मार्च या महिन्यांच्या वजन-उंची नोंदीची प्रत, मुलांची नावे झाकून" असे मागा. नावे झाकायला स्वतःहून सांगितले की खासगी माहितीचे कारण पुढे करून अर्ज फेटाळणे अवघड जाते. ३० दिवसांत उत्तर नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील. बारा महिन्यांची मागणी करावी. एका महिन्याच्या कागदावरून नक्कल ओळखता येत नाही. नोंदवह्या जास्त असतील तर प्रतींऐवजी पाहणी मागा, ती स्वस्त पडते.

फरक सापडला तर तो ग्रामसभेत मांडण्याआधी सेविका, आरोग्य सेविका किंवा मुख्याध्यापकांना दाखवा. निम्म्या वेळा साधे कारण निघते: काटा, स्थलांतर, बदललेले अॅप, अर्धी राहिलेली नोंद. मांडताना गावाचा एकत्र आकडा मांडा, मुलाचे किंवा घराचे नाव नको. ठरावात चार गोष्टी मागा: दुरुस्त केलेला काटा आणि उंचीमापक, ऑगस्ट आणि फेब्रुवारीत आरोग्य सेविकेच्या उपस्थितीत फेरमोजणी, बाहेरगावच्या कुटुंबांच्या मुलांसाठी वेगळा रकाना, आणि चुकलेला आकडा खोडून न लिहिता, त्याच्या खाली तारीख घालून दुरुस्ती. फेरमोजणीत सॅम मुले वाढली तर त्या महिन्याच्या आढाव्यात सेविकेला नोटीस निघू नये, असेही त्याच ठरावात लिहून बालविकास प्रकल्प अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी या दोघांनाही प्रत पाठवा.